किरायाच्या घराची किल्ली कुणाच्या हाती?

जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांत गेल्या काही वर्षांत एक नवा धंदा मूळ धरून बसला आहे. पूर्वी घर किरायाने द्यायचे असले की मालक फाटकावर पाटी लावायचा, शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगून ठेवायचा आणि आलेल्या माणसाशी स्वतः बोलायचा. आता पाटी असते, पण तिच्यावरचा मोबाईल नंबर मालकाचा नसतो. तो एजंटचा असतो. हा एजंट म्हणजे नुसता दलाल नव्हे. दलाल सौदा जुळवतो, दलाली खिशात घालतो आणि बाजूला होतो. हा मात्र घर सांभाळतो. किरायादार शोधणे, करारनामा करणे, पोलीस ठाण्यात माहिती देणे, महिन्याचा किराया गोळा करणे, नळ गळला तर प्लंबर पाठवणे, घर खाली करून घेणे, चुना-रंग मारून पुन्हा नव्या माणसाला देणे, हे सगळे तोच करतो. मोबदल्यात कुणी दरमहा किरायातून ठराविक टक्के कापतो, कुणी वर्षाकाठी एक महिन्याचा किराया घेतो. मालक पुण्यात, हैदराबादेत किंवा परदेशात बसून फक्त खात्यावर आलेला पैसा पाहतो.

वर्ध्याचेच उदाहरण घ्या. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या एक लाख सहा हजारांच्या घरात होती. म्हणजे गाव लहानच. पण सेवाग्रामला १९६९ पासूनचे वैद्यकीय महाविद्यालय, सावंगीला दुसरे मोठे रुग्णालय आणि महाविद्यालय, १९९७ मध्ये स्थापन झालेले हिंदी विश्वविद्यालय, शिवाय रेल्वे जंक्शन आणि जिल्ह्याची सगळी कचेरी. विद्यार्थी, परिचारिका, बँकेचे कारकून, बदलीवर आलेले शिक्षक, कंपन्यांचे विक्री प्रतिनिधी अशी माणसे सतत येतात आणि जातात. सावंगी मेघे, सिंदी मेघे, बोरगाव मेघे, नालवाडी या लगतच्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत ले-आऊट पडले, घरे झाली. बांधणाऱ्यांची मुले मात्र शिकून बाहेर गेली. घर इथे, मालक तिथे आणि मधल्या जागेत एजंट. विदर्भ-मराठवाड्यातल्या कितीतरी गावांची आज हीच कथा आहे.

कुणी म्हणेल, हा धंद्याचा विषय, घरमालकांचा विषय. चळवळीच्या वर्तमानपत्रात त्याचे काय काम? काम आहे. कारण या व्यवहाराच्या दोन्ही टोकांना आज आपली माणसे उभी आहेत. बाबासाहेबांनी मिळवून दिलेल्या राखीव जागांमुळे सत्तर-ऐंशीच्या दशकात नोकरीला लागलेली आपली पिढी आता निवृत्त झाली. रेल्वेत, डाकघरात, जिल्हा परिषदेच्या शाळेत, वीज मंडळात आयुष्य काढून तिने प्लॉट घेतला, कर्ज काढून वर-खाली दोन ब्लॉक बांधले. नवरा गेल्यावर अर्ध्या पेन्शनवर राहणाऱ्या कितीतरी आयाबहिणींचा औषधपाण्याचा खर्च आज वरच्या ब्लॉकच्या किरायावर चालतो. दुसऱ्या टोकाला आपल्याच घरातली पहिल्यांदा गाव सोडून आलेली मुलगी आहे. नर्सिंगला प्रवेश मिळाला आहे, वसतिगृहात जागा नाही आणि ती वडिलांसोबत भर उन्हात खोली शोधत फिरते आहे. या दोघींच्या मध्ये जो उभा आहे, त्याच्या हातात किल्ली आहे. तो कोणत्या नियमाने वागतो, हे विचारणे चळवळीचे काम नाही तर कुणाचे?

आधी मालकाच्या बाजूने पाहू. वकिली करताना घरमालकांच्या ज्या फायली पाहण्यात येतात, त्यांत एक गैरसमज हमखास असतो. 'अकरा महिन्यांचा करार आहे, शंभराच्या मुद्रांकावर नोटरी केला आहे, आता काळजी नाही.' काळजी आहे. आपल्या राज्यात घरकिरायाचे व्यवहार महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ ने चालतात. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार असो की लिव्ह अँड लायसन्स, तो लेखी पाहिजे आणि निबंधकाकडे नोंदलेला पाहिजे. महिने अकरा की बारा, याला इथे अर्थ नाही. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. करार नोंदला नसेल तर किरायादार ज्या अटी सांगेल त्या खऱ्या धरल्या जातात आणि त्या खोट्या ठरवण्याचे ओझे मालकावर पडते. वर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिक्षा एजंटला नाही, मालकाला. एजंटने नोटरीचे पैसे घेतले आणि तो मोकळा झाला. न्यायालयात उभे राहायचे ते पेन्शनवर जगणाऱ्या बाईने.

आणि हे टाळण्याला खर्च तरी किती? मुद्रांक शुल्क करारातल्या रकमेच्या पाव टक्का आहे. महिना सहा हजारांचा किराया धरला तर अकरा महिन्यांचे होतात ६६ हजार. त्याचा पाव टक्का म्हणजे १६५ रुपये. नोंदणीची फी वेगळी. आधार आणि अंगठ्याच्या साहाय्याने ही नोंदणी ऑनलाईन होते. मालक पुण्यात असला तरी होते. म्हणजे 'साहेब, तुम्हाला यायला जमणार नाही, नोटरीच करून टाकू' हे जे एजंट सांगतो, त्यात आळसाखेरीज काही नाही.

दुसरा धोका मुखत्यारपत्राचा. बाहेरगावी राहणारा मालक कटकट नको म्हणून एजंटच्या नावाने सर्वसाधारण मुखत्यारपत्र करून देतो. त्यात काय लिहिले आहे, हे बहुतेक जण वाचतसुद्धा नाहीत. गहाण टाकण्याचा, विकण्याचा अधिकार त्या कागदात गुपचूप बसलेला असतो. नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. पण तो निकाल हातात घेऊन वर्षानुवर्षे दावा लढणे वेगळे आणि आधीच शहाणपण करणे वेगळे. किराया वसूल करणे, करार नोंदवणे, दुरुस्ती करणे एवढ्यापुरतेच, ठराविक मुदतीचे विशेष मुखत्यारपत्र द्यावे. त्याहून एक अक्षर जास्त देऊ नये.

हिशेबाचेही तेच. १८७२ च्या करार कायद्यात अभिकर्त्याचे, म्हणजे एजंटचे, स्वतंत्र प्रकरण आहे. मालकाने मागितला की हिशेब देणे त्याच्यावर बंधनकारक आहे आणि मालकाच्या वतीने घेतलेली रक्कम मालकाला पोचती करणेही बंधनकारक आहे. असे असताना डिपॉझिट कुणाकडे आहे, असे विचारले की निम्मे मालक गप्प होतात. ते एजंटकडेच फिरत असते. एका घराचे डिपॉझिट दुसऱ्या घराच्या किरायादाराला परत करायला वापरायचे आणि गाडी ढकलायची. ज्या दिवशी दोन-तीन घरे एकदम खाली होतात, त्या दिवशी फोन बंद.

किरायादाराची बाजू याहून वाईट. किराया रोख घ्यायचा, पावती द्यायची नाही. पावती देणे कायद्याने बंधनकारक आहे, हे त्या विद्यार्थ्याला ठाऊक नसते. घर सोडताना रंगाचे एवढे, साफसफाईचे एवढे, खिळे ठोकले त्याचे एवढे, असे करत डिपॉझिट संपवायचे. उशीर झाला की पाण्याची मोटार बंद करायची, विजेचा फ्यूज काढून न्यायचा. पुरेशा कारणाशिवाय भाडेकरूचे वीज-पाणी तोडण्याला १९९९ च्या कायद्यात मनाई आहे, पण ज्याच्याकडे नोंदलेला कागदच नाही, त्याने ती मनाई कुणाला दाखवायची?

या एजंटांवर देखरेख कुणाची? कुणाचीच नाही. रेरा कायद्यात एजंटची नोंदणी आहे, पण ती नव्या प्रकल्पातली घरे-प्लॉट विकून देणाऱ्यांसाठी. किरायाचे घर सांभाळणारा त्या व्याख्येत बसत नाही. दुकानाची पावती फाडली, एक टेबल मांडला, की शंभर कुटुंबांच्या निवाऱ्याचा निकाल करायला माणूस मोकळा.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. हा एजंट घर सांभाळण्याच्या सोबत आणखी एक सेवा देतो. तिचा दर कुठल्या पत्रकावर छापलेला नसतो. ती सेवा म्हणजे आडनावाची चाळणी. तो तुम्हाला जात विचारत नाही. तो हुशार आहे. तो म्हणतो, 'पूर्ण नाव सांगा.' नावावरून उलगडा झाला नाही, तर 'मूळ गाव कोणते?' मग 'गावात घर कुठल्या भागात?' मग 'घरी नॉनव्हेज चालते का?' आणि तेवढ्यानेही भागले नाही, तर 'सणवार कोणते करता?' इतके झाले की फोनवर मोकळी असलेली खोली दोन तासांत भरलेली असते. 'काल रात्रीच ॲडव्हान्स आला हो साहेब.' पोलिसांसाठी भरायच्या माहितीच्या नावाखाली ओळखपत्र आधीच मागून घेतले, की चाळणी आणखी सोपी.

या व्यवस्थेची खुबी अशी की यात दोषी कुणीच सापडत नाही. मालकाला विचारा, तो म्हणेल, 'मी तर जातपात मानत नाही, एजंटने कुणाला दिले ते त्याला ठाऊक.' एजंटला विचारा, तो म्हणेल, 'माझे काय, मालकाची अट आहे.' पूर्वी नकार तोंडावर मिळायचा आणि देणाऱ्याचा चेहरा दिसायचा. आता नकार कमिशनवर देता येतो. अस्पृश्यता पाळण्याचे कामही माणूस लावून करून घेता येते, ही या नव्या धंद्याची प्रगती!

बाबासाहेब १९१७ मध्ये परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी सराईत नाव बदलून राहावे लागले आणि कळल्यावर काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तिथून हाकलले. हा इतिहास आपल्याला पाठ आहे. वर्ध्याचाही एक इतिहास आहे. १९२८ मध्ये जमनालाल बजाजांनी इथले लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले केले, त्याचा गौरव आजही होतो. देवळाचे दार उघडले. पण माणसाला रोज देवळात जायचे नसते, रोज घरी जायचे असते. त्या दाराचे काय झाले?

हा केवळ भावनेचा प्रश्न नाही. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दिल्ली आणि लगतच्या शहरांत किरायाच्या घरांचा अभ्यास केला. तो २०१५ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त प्रसिद्ध झाला. उच्चवर्णीय नावाने विचारणा केली की जवळपास सर्वांना होकार मिळाला. दलित नावाने विचारणाऱ्यांना मोठ्या प्रमाणात नकार आला, मुस्लिम नावाने विचारणाऱ्यांना त्याहून अधिक. देशाच्या राजधानीत ही गत असेल, तर जिथे आडनावावरून आजोबांपर्यंतचा पत्ता लागतो, त्या गावात काय असेल?

विदर्भातल्या जुन्या जाणत्यांना एक गोष्ट आठवत असेल. इथे पूर्वी सी.पी. अँड बेरारचा १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश होता. तो ज्या शहरांत लागू होता, तिथे घर मोकळे झाले की मालकाने प्रशासनाला कळवायचे आणि सरकारी नोकराला किंवा विस्थापिताला ते घर नेमून देण्याचा अधिकार प्रशासनाला होता. त्या आदेशात दोष होते, वशिलेबाजीला वाव होता, मालकांचे हाल होते, हे मान्य. पण बदलून आलेल्या आपल्या कारकुनाच्या हातात सरकारचा कागद असण्याची सोय तरी होती. १९९९ च्या कायद्याने तो आदेश रद्द झाला. निवड पूर्णपणे मालकाच्या हाती गेली आणि मालकाने ती एजंटच्या हाती दिली.

मग कायदा काहीच नाही का? आहे. संविधानाच्या अनुच्छेद १५ (२) मध्ये दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, रस्ते आले. खासगी घराचा उल्लेख त्यात नाही. पण अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि तिच्या अंमलबजावणीसाठी आलेल्या नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ च्या कलम ४ मध्ये कोणत्याही वस्तीत राहते घर घेण्यास किंवा त्यात राहण्यास अस्पृश्यतेच्या कारणाने अडवणे हा गुन्हा ठरवला आहे. कलम १० प्रमाणे त्या गुन्ह्याला चिथावणी किंवा साहाय्य देणाऱ्याला तीच शिक्षा. म्हणजे 'मालकाची अट' ही एजंटची ढाल होऊ शकत नाही आणि 'एजंटने केले' ही मालकाची! कलम १२ प्रमाणे पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल, तर कृत्य अस्पृश्यतेच्या कारणानेच झाले असे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते, हे आरोपीने सिद्ध करायचे. बौद्धांना १९९० पासून अनुसूचित जातीचा दर्जा आहे, त्यामुळे हे संरक्षण आपल्यालाही आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने आर्थिक बहिष्काराची व्याख्या आली. नेहमीच्या व्यवहारात ज्या अटींवर जे केले जाते, ते त्या अटींवर करण्यास नकार देणे त्या व्याख्येत बसते. किरायाची घरे देणे हाच ज्याचा नेहमीचा धंदा, त्याने याचा विचार करावा.

एजंटांनी करार कायद्याचे कलम २२४ ही वाचून ठेवावे. गुन्हा ठरणारे काम करायला मालकाने सांगितले, 'काही झाले तर मी बघून घेईन' असे वचनही दिले, तरी त्या कामाच्या परिणामांची भरपाई करण्याची कायदेशीर जबाबदारी मालकावर येत नाही. खटल्याचा खर्च आणि शिक्षा एजंटने एकट्याने भोगायची. थोड्या कमिशनसाठी हा व्यवहार परवडतो का?

तरीही असे खटले उभे राहत नाहीत, कारण पुरावा नसतो. सगळे तोंडी चालते. म्हणून घर शोधणाऱ्या आपल्या तरुणांनी सवय लावून घ्यावी. विचारणा मेसेजवर लेखी करा. घर मोकळे आहे असे उत्तर आले की ते जपून ठेवा. नाव सांगितल्यावर नकार आला, तर त्याच दिवशी दुसऱ्या नावाच्या मित्राला त्याच घराची विचारणा करायला सांगा आणि मिळालेले उत्तर ठेवा. तारीख, वेळ, सोबत कोण होते, हे वहीत लिहा. मोबाईलमधला मजकूर आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्रासह दाखल करता येतो; मोबाईल बदलला तरी जुना फेकू नका.

कायदा बदलण्याचीही मागणी लावून धरली पाहिजे. केंद्र सरकारने जून २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर करून राज्यांकडे पाठवला. त्यात घर सांभाळणाऱ्या या मधल्या माणसाला कायद्यात जागा दिली आहे. मालकाने त्याचे नाव आणि अधिकारपत्र किरायादाराला द्यायचे. त्याने पावती देऊन किराया घ्यायचा, दुरुस्ती करायची, नोटिसा द्यायच्या. कर्तव्य मोडले तर भाडे न्यायालय त्याला हटवू शकते किंवा नुकसानभरपाई लावू शकते. राहत्या घराचे डिपॉझिट दोन महिन्यांच्या किरायापेक्षा जास्त नको, असेही त्यात आहे. हे चांगले आहे. पण त्याच्या कर्तव्यांच्या यादीत जात, धर्म, लिंग पाहून घर नाकारू नये, हे एक वाक्य मात्र नाही. सगळे सुचले, तेवढेच सुचले नाही! घरभाडे हा राज्याच्या अखत्यारीतला विषय आहे. महाराष्ट्रात या विषयावर जे काही करायचे असेल, त्यात घर सांभाळणाऱ्या एजंटची सक्तीची नोंदणी आणि भेदभाव केल्यास ती रद्द करण्याची तरतूद पाहिजे, ही मागणी आपल्या आमदारांनी आणि संघटनांनी आतापासून मांडली पाहिजे.

इथवर वाचून मान डोलावणाऱ्या आपल्या घरमालक बांधवांना आता एक प्रश्न. तुमच्या वरच्या ब्लॉकसाठी तुम्ही एजंटला काय सांगून ठेवले आहे? 'मुसलमान नको', असे सांगितले आहे का? 'अमक्या वस्तीतले नको, एकट्या बाईला नको', असे सांगितले आहे का? आणि सगळ्यात कडू प्रश्न: 'आपल्यातला नको, किराया थकला तर मागता येत नाही, उठ म्हणता येत नाही', असे आपल्यापैकी किती जण म्हणतात? अभ्यासिकेत बाबासाहेबांचा फोटो आणि एजंटला ही सूचना, या दोन गोष्टी एका घरात राहू शकत नाहीत. किराया थकण्याची भीती खरी आहे, पण तिचा इलाज नोंदलेला करार हा आहे. नोंदलेल्या लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर घर न सोडणाऱ्याकडून दुप्पट दराने रक्कम मागण्याची आणि ताबा घेण्याची तरतूद कलम २४ मध्ये आहे. ज्याच्या हातात असा कागद आहे, त्याला कुणाच्या आडनावाची भीती बाळगण्याचे कारण नाही.

शेवटी कामाचे बोलू. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात एक कोटी दहा लाखांहून अधिक घरे रिकामी होती. एकीकडे कुलूपबंद घरे, दुसरीकडे निवारा शोधणारी माणसे. यात धंदा आहे आणि तो प्रामाणिकपणे करता येतो. आपल्या वस्तीत आयटीआय झालेले वायरमन आहेत, प्लंबर आहेत, रंगकाम करणारे आहेत, बी.कॉम. होऊन घरी बसलेली मुले-मुली आहेत, सनद घेतलेले नवे वकील आहेत. सहकारी संस्था कायदा, १९६० प्रमाणे वेगवेगळ्या कुटुंबांतली दहा माणसे एकत्र आली की संस्थेच्या नोंदणीचा अर्ज करता येतो. अशा संस्थेने घरे सांभाळावीत. डिपॉझिटसाठी वेगळे बँक खाते, दर महिन्याला मालकाला लेखी हिशेब, किरायादाराला पावती, प्रत्येक करार नोंदलेला, घर देताना आणि घेताना भिंतींचे-नळांचे फोटो, आणि जो आधी येईल व ऐपतीचा पुरावा देईल त्याला घर. नकार दिला तर कारण लेखी. बाहेरगावच्या मालकाला, मग तो कोणत्याही समाजाचा असो, पैसा वेळेवर आणि घर शाबूत मिळाले की तो दुसरीकडे कशाला जाईल?

पहिली घरे मात्र आपलीच लागतील. नव्या संस्थेवर विश्वास आधी आपण टाकायचा, मग जगाने. तोवर ज्यांची घरे एजंटकडे आहेत, त्यांनी या महिन्यात त्याला बोलावून करारात एक कलम घालावे: 'माझे घर किरायाने देताना जात, धर्म, लिंग किंवा खानपान या कारणावरून कुणालाही नाकारू नये, नाकारल्यास तुमची नेमणूक त्या दिवसापासून रद्द.' त्यावर त्याची सही घ्यावी आणि एक प्रत आपल्याजवळ ठेवावी.